पफिन बघायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पफिन प्रत्यक्षात केवढा असतो?

फोटो बघून वाटतो त्याच्या निम्मा. अटलांटिक पफिन हा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर भरतो आणि वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. कबुतराहून जरा दणकट, एवढंच. पहिल्यांदा बघणारे बहुतेक जण ‘एवढासा?’ असंच म्हणतात. हे आधी सांगण्याचं कारण असं की बोट लांबूनच फिरवून आणणार असेल, तर हा पक्षी पाण्यावरच्या काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. तो नीट बघायचा असेल तर जिथे माणसाला बेटावर उतरता येतं किंवा कड्यावर उभं राहता येतं, अशीच जागा निवडावी.

हा पेंग्विनचा भाऊबंद का?

नाही. पफिन ऑक या समुद्रपक्ष्यांच्या कुळातला, उत्तर गोलार्धातला, आणि उडणारा. गंमत म्हणजे ‘पेंग्विन’ हे नाव आधी याच कुळातल्या, उडता न येणाऱ्या ग्रेट ऑकला होतं. दक्षिणेकडे गेलेल्या खलाशांना तसेच दिसणारे पक्षी भेटले आणि नाव तिकडे चिकटलं. ग्रेट ऑकची शेवटची ज्ञात जोडी १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर मारली गेली.

पफिनच्या जाती तीन. अटलांटिक, शिंगवाला आणि तुरेवाला. शेवटच्या दोन प्रशांत महासागरात, म्हणजे अलास्काच्या बाजूला.

एवढं वेड लागण्यासारखं त्यात आहे तरी काय?

चोच आणि चाल, हे सरळ उत्तर. पण चोचीचा तो थाट फक्त विणीच्या हंगामापुरता. निळसर-राखाडी, पिवळ्या आणि भगव्या रंगाच्या बाहेरच्या चकत्या हंगाम संपला की गळून पडतात, चेहरा काळवंडतो आणि हिवाळ्यात पफिन ओळखूही येत नाही. २०१८ मध्ये असंही लक्षात आलं की अतिनील प्रकाशात या चोचीचे काही भाग चमकतात.

आमच्या मते खरी मजा त्यांच्या वागण्यात आहे, आणि ती कळायला थोडी ओळख लागते. मान खाली घालून, अंग चोरून, लगबगीने चालणारा पफिन दिसला की समजायचं, तो दुसऱ्यांच्या बिळांसमोरून ‘मी फक्त पुढे चाललोय’ असं सांगत जातोय. छाती काढून, पाय उचलून उचलून टाकत फिरणारा म्हणजे बिळाचा मालक. दोघं एकमेकांच्या चोची बाजूने टकटक आपटत असतील तर ती जोडी आहे. ते सुरू झालं की आजूबाजूचे पाच-सहा जण बघायला धावत येतात, अगदी चाळीतल्यासारखे. जोड्या बहुधा वर्षानुवर्षं टिकतात आणि दर वर्षी त्याच बिळाकडे परततात.

आवाजाची मात्र अपेक्षा ठेवू नका. एरवी पक्षी गप्प असतो. बिळातून येतो तो लांबवर चालणाऱ्या यांत्रिक करवतीसारखा घुरघुराट.

नेमकं कधी जायचं?

सगळ्या प्रश्नांत हा महत्त्वाचा आणि सर्वात जास्त सहली इथेच फसतात. उन्हाळी सुट्टी म्हणून लोक ऑगस्टच्या मध्याला तिकिटं काढतात आणि रिकामा कडा बघून येतात.

पफिन वर्षातला बहुतेक काळ खुल्या समुद्रावर काढतो. जमिनीवर येतो तो फक्त वीण करायला. ब्रिटनच्या बेटांवर मार्चअखेर ते एप्रिलमध्ये पक्षी येऊ लागतात, पण तेव्हा ते बेभरवशाचे असतात. आज हजारो, उद्या एकही नाही. मे महिन्यात एकच अंडं असतं आणि ते जवळपास सहा आठवडे उबवलं जातं. म्हणजे निम्मे पक्षी जमिनीखाली. जूनच्या सुरुवातीपासून पिल्लं अंड्यातून बाहेर येतात आणि त्यांना भरवण्यासाठी आई-बाप दिवसभर ये-जा करतात. चोचीत मासे घेतलेला तो प्रसिद्ध फोटो याच दिवसांतला. शिवाय जून-जुलैत अजून वीण न करणारी तरुण पोरंही वसाहतीत हिंडायला येतात. त्यांना घरची जबाबदारी नसते, त्यामुळे माणसाच्या जवळ येऊन डोकावणारे बरेचदा हेच.

जून मध्य ते १५ जुलै हा काळ पकडा. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर तो चालतो. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वेल्सच्या स्कोमर बेटावरचे पक्षी काही दिवसांतच नाहीसे होतात. आइसलँडमध्ये ऑगस्टच्या मध्यापर्यंत सापडतात. उशीरच झाला असेल तर कॅनडातलं न्यूफाउंडलंड, तिथे हंगाम उशिरा सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत रेंगाळतो.

दिवसातली कोणती वेळ बरी?

संध्याकाळ. दुपारी बरेचसे पक्षी समुद्रावर मासेमारीला असतात. आइसलँडमध्ये जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो, तेव्हा कडे भरलेले असतात आणि पर्यटक जेवायला गेलेले असतात. बेटांवर बोटीच्या वेळा पाळाव्याच लागतात. तिथे निवड असेल तर सर्वात सकाळची फेरी घ्या.

पायाखाली बिळं आहेत म्हणजे काय?

पफिन गवताळ उतारावर जवळपास मीटरभर लांबीचं बीळ खोदतो किंवा सशाचं आयतं बीळ बळकावतो. त्यामुळे वसाहतीची जमीन आतून चाळणी झालेली असते. पायवाट सोडून एक पाऊल टाकलं तरी छत कोसळून आतलं एकुलतं अंडं किंवा पिल्लू गाडलं जाऊ शकतं. त्या जोडीचं ते वर्ष गेलं. दोऱ्या किंवा खांब लावलेले असतात ते म्हणूनच.

दुसरं कारण तुमच्या जिवाचं. आइसलँडच्या लाट्राबयार्ग कड्याची धारसुद्धा अशीच पोखरलेली आहे. हा कडा १४ किलोमीटर लांब आणि सर्वाधिक उंचीला सुमारे ४४० मीटर. खुणेच्या रेषेपलीकडे जाऊ नका आणि कडेजवळ बघायचंच असेल तर उभं न राहता पोटावर झोपून बघा. वजन पसरतं आणि पक्षीही कमी दचकतात.

बोटीत बसायचं नाही. जमिनीवरून दिसतील का?

दिसतील, जागा नीट निवडली तर.

पूर्व आइसलँडमधलं बोर्गारफ्योर्दुर एस्त्री हे आमच्या यादीत पहिलं. हाफ्नारहोल्मी या बंदराशेजारच्या टेकडीवर लाकडी जिने आणि सज्जे बांधलेत. गाडी खाली लावायची, वर चढायचं, पक्षी दोन-चार मीटरवर. चालता न येणारे आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र जिन्यांचा विचार करा.

स्कॉटलंडच्या शेटलंडमध्ये संबर्ग हेड. दीपगृहाच्या वाटेवरच्या दगडी भिंतीपलीकडे लगेच बिळं आहेत. तिकडे जाणारा रस्ता विमानतळाच्या धावपट्टीवरूनच जातो, त्यामुळे विमान उतरताना फाटक लागलं तर थांबायचं.

इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे बेम्प्टन कडे सोयीचे आहेत, पण तिथले पफिन मातीत बीळ न करता खडकाच्या भेगांत राहतात. म्हणून संख्या कमी आणि अंतर जास्त. तिथे दुर्बीण हवीच. गॅनेट पक्षी मात्र हजारोंनी, अगदी तोंडासमोर. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या एलिस्टन गावात किनाऱ्यालगतच्या सुळक्यावर वसाहत आहे. मधे थोडीशी दरी, आणि शांत बसलं तर काही पक्षी अलीकडेही येतात.

बेटावर उतरायचं असेल तर?

स्कोमर (वेल्स). मार्टिन्स हेवनहून छोटी बोट, एप्रिल ते सप्टेंबर, सोमवारी बहुधा बंद. २०२३ च्या मोजणीत तिथे ४२,५१३ पफिन नोंदले गेले. रोजच्या प्रवाशांवर मर्यादा असल्याने मे ते जुलैची तिकिटं काही महिने आधीच संपतात. उतरताच ८७ पायऱ्यांचा खडा चढ लागतो. ‘द विक’ या खाडीपाशी पफिन पायवाट ओलांडून जातात, तुमच्या बुटांशेजारून. वारा उत्तरेचा असेल तर धक्क्यावर बोट लागत नाही आणि फेरी रद्द होते. आदल्या रात्री हवामानात वाऱ्याचा वेग बघतात सगळे, दिशा बघायला विसरतात.

आइल ऑफ मे (स्कॉटलंड). अँस्ट्रथरहून बोट. ते बंदर भरती-ओहोटीवर चालतं, त्यामुळे निघण्याची वेळ रोज बदलते. परतीची ट्रेन किंवा बस त्याच हिशोबाने धरा.

लुंगा (स्कॉटलंडची ट्रेशनिश बेटं, मल बेटाच्या पश्चिमेला). इथे पक्का धक्का नाही. तरंगत्या फलाटावरून ओल्या, शेवाळलेल्या गोट्यांवर उतरायचं. घोट्याला आधार देणारे बूट हवेत, चपला नकोत. वर चढून गेलं की काही मिनिटांतच पफिन. बोटवाले सांगतात की माणसं असली की कुरव (सीगल) आणि स्कुआ हे लुटारू पक्षी लांब राहतात, म्हणून पफिन उलट जवळ येतात. आधी थोडा वेळ कोणी दिसलं नाही तरी बसून राहा.

फार्न बेटं (इंग्लंड). सीहाउसेसहून बोटी. इथे पफिनांपेक्षा आर्क्टिक सुरय लक्षात राहतो, कारण तो पिल्लांच्या रक्षणासाठी थेट डोक्यावर चोच मारतो आणि रक्त काढतो. कडक टोपी घाला. टोपी नसेल तर हात डोक्याच्या वर उंच धरा, तो सर्वात उंच भागावर झडप घालतो.

हेइमाए (आइसलँडची वेस्टमन बेटं). अटलांटिक पफिनांपैकी निम्म्याहून अधिक आइसलँडमध्ये वीण करतात आणि तिथली सर्वात मोठी वसाहत हीच. लांडेयाहोफ्नहून फेरी सुमारे ४० मिनिटांची. समुद्र खवळला तर तीच फेरी थोरलाक्सहोफ्नहून सुटते आणि पावणेतीन तास घेते. दक्षिण टोकाला स्टोरहोफ्दी इथे पक्षी बघायला आडोसा बांधलाय. तो नुसता पक्ष्यांसाठी नाही, वाऱ्यासाठीही लागतो.

अमेरिकेतलं मेन राज्य आणि कॅनडा यांच्या सीमेवरचं मकायस सील बेट. मालकीचा वाद दोन्ही देशांत अजून मिटलेला नाही, पफिनांना त्याचं काही नाही. तिथे छोट्या लाकडी खोपटांत उभं राहून फटीतून बघायचं असतं. पक्षी छतावर टपटप चालताना ऐकू येतात.

रेक्याविकहून तासाभराची बोट असते म्हणे?

असते, साधारण मे मध्य ते ऑगस्ट मध्य. अकुरेय आणि लुंडेय या बेटांभोवती फिरवून आणतात, उतरू देत नाहीत. हाताशी अर्धाच दिवस असेल तर ठीक. पण ‘पफिन पाहिला’ आणि ‘पफिनांमध्ये बसलो’ यातला फरक मोठा आहे.

फेरी रद्द झाली तर?

होणारच, असं धरून चाला. एका बेटासाठी किमान दोन, शक्य तर तीन दिवस राखून ठेवा आणि आरक्षण पहिल्या दिवसाचं करा, म्हणजे पुढचे दिवस हाती उरतात. रद्द झाल्यावर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख, हे आरक्षण करतानाच विचारा. जवळची जमिनीवरची एखादी जागाही पर्याय म्हणून ठरवून ठेवा.

बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढल्यावर घेऊन उपयोग नाही. अर्धा ते एक तास आधी घ्या. पोट पूर्ण रिकामं ठेवू नका. मागच्या बाजूला, मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मळमळ सर्वात जास्त होते ती कॅमेऱ्याच्या पडद्यात किंवा दुर्बिणीत सतत डोळे घातल्याने.

व्हिसाबद्दल काही खास?

ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आइसलँड आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, ब्रिटन आणि आयर्लंड नाहीत. फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्यात असली तरी शेंगेनमध्ये नाहीत. साध्या शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही, ‘फेरो बेटांसाठी वैध’ अशी स्वतंत्र नोंद लागते. फेरोमधल्या मिकिनेस बेटाचे फोटो बघून ऐनवेळी बेत बदलणारे इथे अडकतात.

सोबत काय घ्यावं?

वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, आत लोकरीचा थर, जुलैतसुद्धा. घसरण न होणारे बूट. टोपी, शक्यतो न उडणारी. दुर्बीण ८ × ३२ किंवा ८ × ४२. हलत्या बोटीत १२ पटीची दुर्बीण निरुपयोगी, चित्र थरथरतं. पाणी आणि खाणं स्वतःचं न्या, कारण बेटांवर दुकान नसतं. कचरा परत आणायचा.

२०२२ च्या बर्ड फ्लूच्या साथीत काही बेटं माणसांना बंद करावी लागली होती. धक्क्यावर बूट बुडवायला जंतुनाशकाचं घमेलं ठेवलेलं असेल तर ते टाळू नका. मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका.

फोटोसाठी कोणती लेन्स?

स्कोमर, लुंगा, बोर्गारफ्योर्दुरसारख्या जागी ७०–२०० किंवा १००–४०० पुरते. ६०० मिमीची तोफ घेऊन गेलात तर पक्षी इतका जवळ येतो की फोकसच होत नाही. मोबाइलवरही चांगले फोटो मिळतात.

अडचण येते ती रंगांची. पाठ काळी, पोट पांढरं, आणि फिकट चेहऱ्यावर गडद डोळा. भर उन्हात पोट जळतं आणि पाठ काळी ठिक्कर येते. ढगाळ दिवस म्हणून नशिबाचा. मागे गडद समुद्र असेल तर एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली घ्या. मागे उजळ आभाळ असेल तर तेवढंच वर. पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला, म्हणजे जमिनीवर झोपून फोटो काढा. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला नाही तर अख्खा पक्षी मेल्यासारखा दिसतो.

उडताना टिपणं अवघड. पंख मिनिटाला ४०० वेळा हलतात आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो. शटर १/२०००, जमलं तर १/३२००. पक्ष्यामागे कॅमेरा पळवण्यापेक्षा वसाहतीवर गोल गोल घिरट्या घालणारा थवा थोडा वेळ बघा. प्रत्येक पक्षी त्याच वाटेने पुन्हा येतो. कुरवांना एकच सावज निवडता येऊ नये म्हणून ते असं फिरतात. जोराचा वारा असेल तर उत्तमच, कड्यासमोर पफिन हवेत लटकल्यासारखे थांबतात.

चोचीत मासे घेतलेला पफिन तुमच्याभोवती फेऱ्या मारतोय पण उतरत नाहीये, असं दिसलं तर तुम्ही त्याच्या बिळाच्या वाटेत उभे आहात. लगेच बाजूला व्हा. जितका तो हवेत राहील तितकी कुरवाला मासे हिसकावायची संधी. ड्रोन तर नेऊच नका. राखीव क्षेत्रात त्याला मनाई असते आणि अख्खी वसाहत एका झटक्यात उठते.

चोचीत एवढे मासे राहतात कसे?

जीभ खरखरीत आणि टाळूवर मागे वळलेले काटे. पकडलेला मासा जिभेने टाळूला दाबून धरायचा आणि चोच उघडून पुढचा पकडायचा. साधारण दहा मासे एका खेपेत, पण साठच्या वर मोजल्याचीही नोंद आहे. फोटो मोठा करून बघा. लांब, चंदेरी, बारीक सँड ईल दिसले तर पिल्लाचं बरं चाललंय.

पफिन धोक्यात आहेत का?

हो. जागतिक पातळीवर अटलांटिक पफिन २०१५ पासून ‘असुरक्षित’ गटात आहे. आकडा कोटीच्या घरात असूनही असं का, तर जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पाच-सहा वर्षांची झाल्याशिवाय वीणच करत नाही. समुद्र तापला, सँड ईल हलले किंवा संपले, की पिल्लं उपाशी मरतात. मोठा पक्षी वीस-तीस वर्षं जगतो, त्यामुळे वसाहत वरवर भरलेली दिसते पण नवी पिढी येत नसते. सँड ईलची व्यापारी मासेमारी २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या पाण्यात आणि उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या भागात बंद केली गेली, ती याच चिंतेतून.

दुसरा शत्रू उंदीर. बोटीतून एक गाभण मादी उतरली तरी बेट जातं. ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी असलेल्या लंडी बेटाचं नावच ‘पफिनांचं बेट’. तिथे ते संपत आले होते, २००६ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं आणि पक्षी परतले. म्हणूनच काही ठिकाणी चढण्याआधी पिशवी उघडून झटकायला सांगतात. त्यावर कुरकुर करू नका.

माणसाने परत आणलेली वसाहतही आहे. मेनमधल्या ईस्टर्न एग रॉकवर स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडची पिल्लं आणून वाढवली. मोठी झालेली परत यावीत म्हणून खडकांवर लाकडी पफिन उभे केले. १९८१ मध्ये पहिली वीण झाली. तिथे उतरता येत नाही, बोटीतूनच दिसतात.

ऑगस्टअखेरीला वेस्टमन बेटांवर जातोय. काहीच दिसणार नाही का?

मोठे पक्षी क्वचित, पण पिल्लं भेटतील, आणि तीही गावातल्या रस्त्यावर. पिल्लू साधारण सहा आठवड्यांचं झालं की रात्री एकटंच बिळातून निघून समुद्राकडे जातं. गावाच्या दिव्यांना भुलून ते गल्लीत, गाड्यांखाली, बंदरात उतरतं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथली मुलं रात्री खोके आणि विजेऱ्या घेऊन ती गोळा करतात. पाहुण्यांनाही सामील होता येतं. पुठ्ठ्याचा खोका घ्या, झाकणाला हवेसाठी भोकं पाडा. एका खोक्यात एकच पिल्लू. खाऊ-पाणी देऊ नका, अंघोळ तर नकोच. तेल किंवा चिखल लागलेलं असेल तर मदत केंद्राकडे द्या. बाकीची दुसऱ्या दिवशी वजन करून, नोंद करून, उजेडातच सोडायची. रात्री सोडलं तर ते पुन्हा दिव्याकडेच येईल. किनाऱ्यावर वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरायचे आणि समुद्राच्या दिशेने वर उडवायचं.